टेलच्या शेतातलं इंटरनेट

गेल्या महिन्यात अमळनेर स्टेशनबाहेर चहाला बसलो होतो, शेजारी ओळखीचे एक आप्पा, वय सत्तरीच्या पुढं, हातातल्या मोबाईलवर कीर्तन चालू. बोलता बोलता मी म्हटलं की आप्पा, इंटरनेट अजून नीट सुरूच झालेलं नाही, खरी वाढ पुढंच आहे. तर ते हसले न् आमच्या अहिराणीत म्हणाले, "नेट ते ई गयं ना भो घरोघर, आते काय ऱ्हायनं?" म्हणजे नेट तर आलं ना घरोघर, आता काय राहिलं?

मी तेव्हा गप्प बसलो, चहा थंड होत होता. पण डोक्यात ते राहिलंच, कारण हे वाक्य अमळनेरात बसून कोणी बोलावं यात एक गंमत आहे. २९ डिसेंबर १९४५ ला याच गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, काम काय तर वनस्पती तूप करायचं. तीच पुढं विप्रो. ज्यांच्या घरच्यांनी तेव्हा थोडे शेअर घेऊन ट्रंकेत टाकले न् विसरून गेले, त्यांच्या नातवंडांनी त्यावर बंगले बांधले, हे गावात कोणालाही विचारा. पण त्या काळात कोणी सांगितलं असतं की ही तुपाची कंपनी उद्या जगभराचे कॉम्प्युटर सांभाळणार आहे, तर लोकांनी त्याला वेड्यातच काढलं असतं. समोर डबा तुपाचा होता, लोकांना तूपच दिसणार, त्यात त्यांची काय चूक. आज आपल्या समोर रील आहेत, व्हॉट्सअॅप आहे, यूपीआयचा तो "प्राप्त हुए" म्हणणारा डबा आहे, म्हणून आपल्याला वाटतं इंटरनेट म्हणजे एवढंच.

मोठमोठे लोकही यात फसलेत बरं का. रॉबर्ट मेटकाफ, म्हणजे ज्या माणसानं इथरनेट, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना तारेनं जोडायची पद्धत, शोधायला मदत केली, त्यानं १९९५ च्या शेवटी लिहून टाकलं की पुढच्या वर्षी इंटरनेट कोसळणार, नाही कोसळलं तर माझा लेख मी खाईन. नाही कोसळलं. मग १९९७ मध्ये भर परिषदेत त्यानं तो छापलेला कागद मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवला न् सगळ्यांसमोर खाल्ला. आपल्याकडं असं भाकीत चुकवून कागद खाणारा पुढारी अजून निघायचाय, ते असो. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सामान्य माणसासाठी इंटरनेट उघडलं, तेव्हा त्या किर्रकिर्र करणाऱ्या मोडेमकडं बघून कोणाला वाटलं असतं की एकवीस वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येईल न् मेंढ्यांमागं फिरणारा ठेलारीसुद्धा झाडाखाली बसून व्हिडीओ बघेल.

तर माझं म्हणणं असं. इंटरनेटची जी वाढ उरलीय ती स्पीडची नाही, फाईव्ह जी सिक्स जी ते येतच राहणार, ते कंपन्यांचं पोट आहे, त्या करतील. उरलंय ते दुसरंच. कालव्याचं पाणी घेणाऱ्याला विचारा, हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, कधीच अडचण नसते, भांडण असतं ते टेलला, शेवटच्या टोकाला. पाणी सुटलं म्हणून पेपरात फोटो येतो न् टेलचा शेतकरी चारीत उभा राहून कोरडी माती बघतो. आपण इंटरनेटच्या टेलला आहोत, म्हणजे आधी तर पाणीच कमी, न् जे येतं ते फक्त वरून खाली येतं. मुंबई, बंगलोर, अमेरिका, तिकडून इकडं. खान्देशातून वर काय चढतं? जवळजवळ काहीच नाही. इंटरनेटचा हा अर्धा भाग अजून हात न लावलेला पडलाय.

आधी पाण्याचंच बोलू. जगात २०२५ च्या हिशोबानं साधारण २२० कोटी माणसं अजून ऑफलाइन आहेत, हा संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेचा आकडा आहे. आकडा एवढा मोठा की वाटतं हे सगळे आफ्रिकेत कुठंतरी असतील. अहो, शहाद्याच्या वर चढा न् बघा. याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग न् सोनिया गांधी स्वतः आले होते. म्हणजे डिजिटल भारताचा नारळ आमच्या नंदुरबार जिल्ह्यात फुटला. न् त्याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडं आजही रेंजचा डोंगर वेगळा असतो, गाव वेगळं असतं. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी बाया ओटीपीसाठी डोंगर चढल्या, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. आता त्या बाईसाठी इंटरनेट म्हणजे काय तर सरकारनं तिच्यावर टाकलेलं एक जास्तीचं काम. आधी तलाठ्याच्या दारात जायची, आता डोंगरावर जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी करार करायचं ठरवलं, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम ही नावं त्यात आहेत. चांगलं आहे, आकाशातून येवो की जमिनीतून. पण मला त्यात एक कळत नाही, की डिश बसेल ग्रामपंचायतीत न् ग्रामपंचायतीला कुलूप असेल तर? २०११ पासून ग्रामपंचायतींना फायबर द्यायची योजना चालू आहे, आधी तिचं नाव वेगळं होतं मग भारतनेट झालं, अडीच लाख ग्रामपंचायतींचं टार्गेट. आमच्या गावाजवळच्या एका पंचायतीत ती पेटी भिंतीवर आहे, वर जाळं धरलंय, लाइट लागतो न लागतो, फायबर रस्त्याच्या कामात जेसीबीनं तोडली न् ती कोणी जोडायची हे कोणालाच माहीत नाही. ठेकेदार म्हणतो माझं काम झालं, ग्रामसेवक म्हणतो माझ्याकडं चार्ज नाही. बांधायला पैसा असतो, सांभाळायला माणूस नसतो, हीच खरी अडचण.

न् गंमत अशी की सांभाळायचं कसं हे खान्देशाला कोणी शिकवायची गरजच नाही. पांझरा नदीवरची शेतीच्या पाणीवाटपाची फड पद्धत बघा. तीन-चारशे वर्षांची म्हणतात. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, न् शक्यतो प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात. त्यामुळं ज्या साली पाणी कमी त्या साली एक फड सोडून द्यायचा, नुकसान सगळ्यांचं सारखं, हेडवाला टेलवाल्याला मारू शकत नाही कारण त्याचाही तुकडा टेलला आहेच. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, वाद झाला तर पंच, दुरुस्ती जमिनीच्या हिशोबानं वाटून. त्यातले बरेच फड आता मोडकळीला आलेत, वर धरणं झाली, घरोघर बोअर झाले, ते दुःख वेगळं.

मला तर वाटतं मूळचं इंटरनेट हे फडासारखंच होतं. त्याचा मालक कोणी नाही. वेगवेगळ्या लोकांची जाळी एकमेकांना जोडून केलेलं ते मोठं जाळं, नियम काय असावेत ते इंजिनियर लोक एकत्र बसून चर्चा करून ठरवतात, अजूनही ठरवतात. टिम बर्नर्स-ली नं वेब तयार केलं न् ३० एप्रिल १९९३ ला त्याच्या संस्थेनं, सर्ननं, ते सगळ्यांना फुकट मोकळं करून टाकलं, पेटंट नाही, रॉयल्टी नाही. ईमेल बघा, माझा पत्ता एका कंपनीचा, तुमचा दुसऱ्या, पत्र जातंच. हे पाटाचं पाणी. न् आज आपण जे वापरतो ते टँकरचं पाणी आहे. टँकर चार-पाच कंपन्यांचे, त्या देतील तेवढं, त्या दाखवतील तेच, उद्या नळी बंद केली तर तुम्ही बादली घेऊन उभे. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रायनं, म्हणजे दूरसंचारवर नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, फेसबुकच्या फ्री बेसिक्ससारख्या प्रकाराला नाही म्हटलं, म्हणजे ठरावीक वेबसाइट फुकट न् बाकीच्या पैशानं असं चालणार नाही म्हटलं, ते या देशानं घेतलेल्या चांगल्या निर्णयांपैकी एक आहे असं माझं मत आहे. कायद्यानं टँकरवाल्याला अडवलं. पण पाट दुरुस्त केला का? नाही.

करता येतो. आपल्याच राज्यात पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं टीव्हीच्या मोकळ्या लहरी वापरून पंचवीसेक गावांना इंटरनेट देऊन दाखवलं, स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ पासून लोकांचं स्वतःचं जाळं आहे. न् डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी म्हणून योजना मंजूर केली, किराणावाला, चहावाला, कोणीही लायसन न काढता वायफाय विकू शकतो, जुन्या पिवळ्या एसटीडी बूथसारखं. किती लोकांना माहिती आहे? आमच्या तालुक्यात मी दहा दुकानदारांना विचारलं, एकालाही नाही. एसटीडी बूथनं किती घरं चालवली आठवतं का, न् तो काय शोध होता? फक्त एक परवानगी होती.

आता केळीकडं येतो, कारण याशिवाय खान्देशातल्या माणसाला कोणतीही गोष्ट पटत नाही.

अर्थशास्त्रात एक गाजलेला अभ्यास आहे, रॉबर्ट जेन्सन यांचा, २००७ मध्ये छापून आलेला, केरळातल्या मच्छीमारांचा. किनाऱ्यावर मोबाईल आले न् होडीवाले समुद्रातूनच फोन करून विचारायला लागले की कोणत्या बंदराला सार्डिनला भाव आहे, तिकडं होडी वळवायची. भावातला फरक जवळपास संपला, मासे फेकून द्यायची वेळ जायला लागली, मच्छीमाराचा नफा वाढला न् गिऱ्हाइकाला मासे थोडे स्वस्त पडले. इंटरनेट-मोबाईलनं शेतकऱ्याचं भलं होतं असं सांगताना लोक हाच दाखला देतात. मलाही आवडतो.

पण केळीला लावून बघा. रावेरच्या शेतकऱ्याला सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर बऱ्हाणपूरचा लिलाव कळतो, रावेर बाजार समितीचा जाहीर भाव कळतो, दिल्लीला काय चाललंय तेही कोणीतरी टाकतं. ज्ञान भरपूर. न् तरी व्यापारी बांधावर येतो, जाहीर भावापेक्षा कमी सांगतो, न् शेतकरी देतो. का? कारण होडी वळवता येते, केळीची बाग नाही वळवता येत. घड तयार झाला की तो थांबत नाही, कापणारे मजूर व्यापाऱ्याचे, गाडी व्यापाऱ्याची. उन्हात तापलेला माल दोन दिवस ठेवला की काळा. माहिती मिळाली म्हणून ताकद मिळत नाही, माहिती घेऊन कुठंतरी जाता आलं पाहिजे. ई-नाम हा सरकारचा ऑनलाइन शेतमाल बाजार २०१६ पासून आहे, पण ज्याचा भाव मंडीत नाही तर बांधावर ठरतो त्या पिकाला त्याचा काय उपयोग. इथं इंटरनेटचं काम भाव सांगणं नाही. इथं पाहिजे ते असं, की एका परिसरातल्या पन्नास शेतकऱ्यांच्या बागा कोणत्या आठवड्यात कापणीला येणार हे एकत्र दिसावं, न् मजूर, गाडी, रेल्वेचे डबे सगळे मिळून ठरवावे. सावद्याहून रेल्वेनं केळी दिल्लीला पाठवायची पद्धत तर जुनीच आहे, शेतकऱ्यांच्या संस्थांनी ती चालवली. कागदावर चालवली, वहीत चालवली. आता त्यासाठी मोठं अॅप नको, एक साधी सामाईक यादी पुरे, पण ती शेतकऱ्यांच्या ताब्यात पाहिजे, एखाद्या स्टार्टअपच्या नाही, नाहीतर दोन वर्षांनी त्यांचा फंड संपेल न् यादी त्यांच्याबरोबर जाईल.

विम्याचं ऐका. केळीचा हवामान आधारित फळपीक विमा असतो, त्यात तुमच्या शेतात किती ऊन तापलं याला अर्थ नाही, तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रानं काय नोंदवलं त्याला अर्थ. म्हणजे एका खांबावरचं यंत्र इंटरनेटवरून आकडा पाठवतं न् त्यावर हजारो लोकांचे पैसे ठरतात. मग तो आकडा रोज, तासातासाला, गावातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर सरळ मराठीत का नाही? चावडीवर स्क्रीन लावून का नाही? यंत्र बंद असेल तर त्याच दिवशी गावाला कळायला नको का, का सहा महिन्यांनी क्लेम नाकारल्यावर कळावं? यंत्र लागलंय, नेट लागलंय, आकडा बनतोय, फक्त तो वरती जातो न् परत खाली येत नाही. याला मी न वापरलेली ताकद म्हणतो. यात नवीन शोध लावायचा नाहीये, फक्त दार उघडायचंय.

न् वादळानं पिकाचं नुकसान झालं तर मात्र विमा कंपनीला ७२ तासांत कळवा, असा नियम. आता वादळ येतं तेव्हा काय होतं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी जूनच्या तोंडावर माझ्या मामाच्या बागेत वादळ घुसलं, अर्ध्या तासात बाग आडवी. लाइट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. टॉवरची बॅटरी रात्रीतून संपली. ७२ तासांतले पहिले पन्नास तास तर रेंजच नव्हती, मग मामा मोटरसायकल घेऊन हायवेला गेला न् एका धाब्यावर उभं राहून तक्रार टाकायला लागला तर सर्व्हर डाऊन. ज्यानं हा ७२ तासांचा नियम केला तो हेडला बसलेला माणूस आहे, त्याच्या डोक्यात हे आलंच नसणार की ज्या वादळानं केळी पडते त्याच वादळानं टॉवरही पडतो. मामाला पैसे मिळाले का? काही मिळाले. भांडून मिळाले.

तिसरी गोष्ट भाषेची, न् मला ही सगळ्यात मोठी वाटते. २०११ च्या जनगणनेत खान्देशी, म्हणजे अहिराणी वगैरे, बोलणारे १८ लाखांच्या वर सापडले, न् भिली बोलणारे १ कोटीच्या वर. खरं तर अहिराणी बोलणारे कितीतरी जास्त असतील, पण विचारायला आलेल्या मास्तरला बरेच जण मराठी सांगून मोकळे होतात. जगातल्या वेबसाइटांपैकी निम्म्याच्या आसपास इंग्रजीत, न् अहिराणीचा हिशोब कोणी मांडतच नाही. गूगल ट्रान्सलेटनं २०२४ मध्ये एकदम ११० भाषा टाकल्या, अवधी आली, मारवाडी आली, तुळू आली. आमची नाही आली. सरकारची भाषांतराची योजना, भाषिणी, सुरू झाली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा धरून, न् त्या यादीत अहिराणी नाही न् भिलीही नाही.

आता कोणी म्हणेल अहिराणी यूट्यूबवर आहे की, खान्देशी कॉमेडीला लाखांनी व्ह्यूज आहेत. आहेत, मीपण बघतो, हसून हसून पोट दुखतं. पण त्यात अहिराणी फक्त हसवायला आहे. सासू-सून, दारुड्या, पाटील, बस. केळीवर करपा आला तर काय करायचं हे अहिराणीत कुठं आहे? बाळंतिणीला रक्त कमी असलं तर काय खायचं, बँकेचा ओटीपी मागणाऱ्याला काय सांगायचं, हे कुठं आहे? देशात २०१९-२१ च्या आरोग्य सर्वेक्षणात ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं न् बायांमध्ये फक्त ३३ टक्के. यात मोबाईल घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो हे एक कारण आहेच, पण नेट तिच्याशी तिच्या बोलीत बोलत नाही हेपण आहे. न् आता एआय आलाय, तो जे लिहिलेलं-बोललेलं मिळेल त्यावर शिकतो. जी भाषा नेटवर नाही ती त्याच्या लेखी जगात नाही. मी मोबाईलवर बोलून टाइप करायला गेलो, "मन्ह वावर", म्हणजे माझं शेत, म्हटलं तर त्यानं लिहिलं "मन वावर". यंत्राची चूक नाही, त्याला आमच्यापैकी कोणी शिकवलंच नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी याला मार्ग नव्हता, लिहिता येत असेल तरच नेटवर काही टाकता येत होतं. आज आवाज टाकता येतो, व्हिडीओ टाकता येतो, निरक्षर बाईसुद्धा टाकू शकते, ही इंटरनेटमधली सगळ्यात मोठी उलथापालथ आहे असं मला वाटतं न् तिच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. अडाणी माणसाचं शहाणपण लिहिणारं कोणी मिळालं तर टिकायचं, नाहीतर त्याच्याबरोबर जायचं. आता लिहिणाऱ्याची वाट बघायची गरज नाही. शाळा-कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्ट द्यायचंच असतं ना, मग थर्माकोलचा ज्वालामुखी कशाला, प्रत्येकानं आपल्या आजीचा तासभर आवाज रेकॉर्ड करून आणा, तिला विचारून, तिच्या परवानगीनं. जळगावचं विद्यापीठ तर बहिणाबाईंच्या नावाचं आहे, त्यांनी हे हातात घेतलं तर दोन वर्षांत अहिराणी, तावडी, भिली, पावरीचा एवढा साठा होईल की उद्या कंपन्या दारात येतील. न् तेव्हा तो फुकट द्यायचा की अटी घालून द्यायचा ते आपण ठरवू. फडासारखं.

माझा चुलतभाऊ शिक्षक आहे, तो म्हणतो तुझं हे सगळं स्वप्न आहे, प्रत्यक्षात पोरं रील बघतात न् रमी खेळतात. चुकीचं नाही म्हणत तो. पैशाच्या ऑनलाइन गेमनी आमच्याकडं काही घरं बसलीत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यावर बंदीचा कायदा आला तेव्हा बऱ्याच आयांनी देवाला नारळ फोडला असेल. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना लुटतात तेही खरं. पण मी त्याला विचारलं, की तुझ्या शाळेत मुलांना नेटवर काय *करायला* शिकवतात? बघायला नाही, करायला. तो म्हणाला पीडीएफ डाउनलोड करायला. बघा म्हणजे. नळ दिलाय, बादली दिलीय, शेत दिलंच नाही, मग पोरगं पाणी अंगावर उडवत बसणार नाही तर काय करणार.

आप्पांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. परवा परत भेटले तर मी त्यांना माझ्या आईचं एक रेकॉर्डिंग ऐकवलं. श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते तेव्हाची गाणी, आईनं तिच्या आईकडून ऐकलेली. मी ती मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकली होती, व्हिडीओत काही नाही, नुसतं देव्हाऱ्याचं चित्र न् मागं कुकरची शिट्टी. दोनशे-अडीचशे लोकांनी बघितलं असेल. खाली सुरतेहून एका बाईनं लिहिलंय, उधन्याला राहते म्हणे, आमच्या अर्ध्या तालुक्यासारखी तीही तिकडं कापडाच्या कामापायी गेलेली. तिनं लिहिलंय की मन्ही माय असंच म्हने, पण तिच्यात अजून दोन कडवी होती, न् ती दोन कडवी तिनं खाली टाइप केलीत, मोडकंतोडकं.

आप्पांनी चष्मा वर करून ती दोन कडवी वाचली, परत वाचली. मग म्हणाले दुसरं कडवं चुकीचं शे. न् तिथंच स्टेशनबाहेर, चहावाल्यासमोर, स्वतः म्हणायला लागले, न् मधेच थांबून मला म्हणाले, "दखी का ऱ्हायना, रेकॉर्डिंग चालू कर ना भो."